फ्रीमन की ओल्सन? अटलांटा ब्रेव्हजच्या एका हिवाळ्याचा हिशेब

२ नोव्हेंबर २०२१ ची रात्र, ह्यूस्टन. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेचा, सहावा सामना. युली गुरिएलने मारलेला चेंडू जमिनीलगत शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) डॅन्स्बी स्वान्सनकडे गेला, त्याने तो उचलून पहिल्या बेसवर फेकला आणि फ्रेडी फ्रीमनने झेलला. अटलांटा ब्रेव्हज ७-० ने जिंकले, १९९५ नंतर पहिल्यांदा अजिंक्य ठरले. त्याच सामन्यात फ्रीमनने होम रनही (थेट कुंपणापार फटका) मारला होता. २००७ च्या ड्राफ्टपासून (नव्या पोरांची वार्षिक निवड) तो याच क्लबचा, २०२० चा नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, आणि संघाचा चेहरा म्हणाल तर तोच. त्याचा करार मात्र त्या हंगामाबरोबरच संपला.

पुढच्या साडेचार महिन्यांत ब्रेव्हजने त्याला जाऊ दिलं आणि त्याच्या जागी मॅट ओल्सनला आणलं. अटलांटात यावर अजून भांडणं होतात. मी शहराच्या उत्तरेला राहतो. आमच्या बाजूला मराठी घरं बरीच, आणि त्यातल्या पोरांना क्रिकेटपेक्षा बेसबॉल जास्त कळतो. त्यांचा वाद फिरून फिरून एकाच ठिकाणी येतो: फ्रीमन भारी की ओल्सन? या प्रकरणात तो प्रश्न मला दुय्यम वाटतो. कोणत्या दिवशी क्लबच्या हातात कोणते पर्याय होते आणि त्यातून काय उचललं, हे बघायला हवं. तसं बघितलं की मार्च २०२२ मध्ये फारसा दोष सापडत नाही. तो सापडतो त्याच्या कितीतरी आधी.

खेळाच्या बाहेरचे नियम

आयपीएल बघणाऱ्याला हे व्यवहार विचित्र वाटतील, म्हणून थोडक्यात सांगतो. मेजर लीग बेसबॉलमध्ये लिलाव नसतो. खेळाडू वरच्या पातळीवर आला की साधारण सहा वर्षं त्याच्यावर क्लबचा हक्क. पहिली तीन वर्षं जवळपास किमान पगारात, पुढची तीन आर्बिट्रेशनमध्ये, म्हणजे पगारावर एकमत झालं नाही तर लवाद ठरवेल त्या पगारात. मग तो फ्री एजंट होतो आणि कुणाशीही सही करू शकतो. झालेला करार पूर्ण हमीचा असतो. फॉर्म गेला, गुडघा गेला, तरी पैसे मोजावेच लागतात. त्यामुळे किती डॉलर याइतकाच किती वर्षं हा आकडाही जड असतो.

ट्रेडमध्ये खेळाडूच्या बदल्यात खेळाडू जातात. बहुतेक वेळा आजचा तयार माणूस घ्यायचा आणि उद्या तयार होतील अशी पोरं द्यायची. या पोरांना प्रॉस्पेक्ट म्हणतात. पगारावर कडक मर्यादा नाही, पण एका रेषेच्या वर गेलं की क्लबला कर लागतो. २०२२ साठी ती रेषा २३ कोटी डॉलर होती आणि तिच्यासाठी करारांची वार्षिक सरासरी धरतात.

शेवटचा एक बारकावा अटलांटातही फार थोड्या लोकांच्या लक्षात होता. लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच क्लबमध्ये काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय ट्रेड करता येत नाही. फ्रीमन या अटीत केव्हाच बसला होता. म्हणजे ब्रेव्हजने त्याच्याशी नवा करार केला असता तर पहिल्या दिवसापासून तो कायमचा. चुकलं तर दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याची सोय नाही.

पाच वर्षांची लक्ष्मणरेषा

ॲलेक्स अँथोपोलस २०१७ च्या नोव्हेंबरपासून ब्रेव्हजचा जनरल मॅनेजर. त्याची पद्धत ठरलेली: पोरगा चांगला निघतोय असं दिसलं की त्याची पुढची वर्षं लवकर आणि स्वस्तात विकत घ्यायची. २०१९ मध्ये रोनाल्ड अकुन्याशी आठ वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार झाला आणि ऑझी ऑल्बीजशी सात वर्षांचा, अवघ्या ३.५ कोटींचा. ऑल्बीजचा करार तर इतका स्वस्त की पोराच्या बाजूने कोणी बसलं होतं की नाही, असा लोकांना प्रश्न पडला.

गंमत म्हणजे फ्रीमनचा आधीचा करारही असाच होता, फक्त तो आधीच्या कारभाऱ्यांनी केलेला. २०१४ च्या फेब्रुवारीत, चोविसाव्या वर्षी, आठ वर्षांसाठी १३.५ कोटी. तो करार ब्रेव्हजच्या इतिहासातल्या सर्वांत फायद्याच्या करारांपैकी एक म्हणायला हरकत नाही. २०२१ मध्ये तो संपत होता तेव्हा फ्रीमन बत्तीस वर्षांचा होता, फलंदाजीची सरासरी .३०० (म्हणजे शंभर प्रयत्नांत तीस यशस्वी फटके, हिट), ३१ होम रन, आणि १२० धावा, नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक.

क्लबचा प्रस्ताव होता पाच वर्षांसाठी १३.५ कोटी, पुढे तो १४ कोटींवर गेला असं त्या वेळच्या बातम्यांत होतं. फ्रीमनला हवी होती सहा वर्षं. डॉलरपेक्षा त्या सहाव्या वर्षावर गाडी अडली. क्लबची बाजू समजण्यासारखी आहे. फर्स्ट बेस ही मैदानावरची अशी जागा की तिथे माणूस फलंदाजीसाठीच ठेवतात, आणि तिशीच्या उत्तरार्धात फलंदाजी उतरायला लागली की कुठेही लपवता येत नाही. पाच वर्षांचा करार फ्रीमनला सदतिसाव्या वाढदिवसापर्यंत नेणार होता, सहा वर्षांचा अडतिसाव्यापर्यंत. शेवटचं वर्ष वाया जाणार असं गृहीत धरूनच असे करार करतात. मग ते एक वर्ष नाकारल्याने वाचतं काय, हा प्रश्न राहतो. आकड्यांकडे येईपर्यंत तो बाजूला ठेवू.

क्लबने त्याला १.८४ कोटींची एक वर्षाची क्वालिफायिंग ऑफर दिली होती आणि त्याने ती नाकारली. ती औपचारिकताच होती. तो दुसरीकडे गेला तर ब्रेव्हजला पुढच्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीनंतरचा एक जादा पोरगा निवडता येणार होता. फ्रीमन गमावण्याची भरपाई तेवढीच.

नव्याण्णव दिवस

२ डिसेंबर २०२१ ला मालकांनी लॉकआउट जाहीर केला. नवा सामूहिक करार होईपर्यंत क्लब आणि खेळाडू यांच्यात एक शब्दही बोलायचा नाही. तो उठला १० मार्च २०२२ ला, नव्याण्णव दिवसांनी. हंगाम सुरू होणार ७ एप्रिलला. म्हणजे सगळ्या हिवाळ्याचा बाजार चार आठवड्यांत, आणि खरी धावपळ पहिल्या आठवड्यात.

लॉकआउटमधून जे नियम आले त्यातला एक फ्रीमनच्या बाजूचा होता: नॅशनल लीगमध्येही डेझिग्नेटेड हिटर. मैदानावर न उतरता फक्त फलंदाजी करणारा माणूस आता प्रत्येक संघाला ठेवता येणार होता. वयस्क फर्स्ट बेसमनला शेवटच्या एकदोन वर्षांत ठेवायला ही जागा सोयीची. क्लबच्या भीतीचं थोडं ओझं या एका नियमाने कमी व्हायला हवं होतं, पण तसं झाल्याचं दिसलं नाही. याच नियमामुळे फ्रीमन हवा असणारे नॅशनल लीगमधले क्लबही बिनघोर बोली लावू शकत होते, हे खरं.

शनिवार ते बुधवार

१० मार्चला गुरुवार होता. शनिवारी, १२ तारखेला, फ्रीमनच्या एजंटकडून दोन प्रस्ताव गेले असं पुढे बातम्यांत आलं: पाच वर्षं १६.५ कोटी किंवा सहा वर्षं १७.५ कोटी, आणि उत्तर लगेच हवं. त्या संभाषणात नेमकं काय झालं यावर दोन्ही बाजूंच्या सांगण्यात शेवटपर्यंत फरक राहिला, त्यामुळे त्याच्या खोलात मी जात नाही. परिणाम तेवढा स्पष्ट आहे. क्लबच्या १४ कोटींपासून हे दोन्ही आकडे लांब होते, आणि अँथोपोलसने दुसरा फोन उचलला.

त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला ओकलंड ॲथलेटिक्स होते. ओकलंडने दुकान आवरायला काढलं होतं. १२ तारखेला त्यांनी पिचर (चेंडू फेकणारा) ख्रिस बॅसिट न्यूयॉर्क मेट्सला दिला, १६ ला थर्ड बेसमन मॅट चॅपमन टोरांटोला जाणार होता. मधल्या १४ तारखेला, सोमवारी, ओल्सन अटलांटाला आला. बदल्यात गेले चौघे: कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा) शे लँगेलियर्स, आउटफिल्डर (मागच्या मैदानातला क्षेत्ररक्षक) क्रिस्टियन पाशे, पिचर रायन क्युसिक आणि पिचर जोई एस्टेस. मंगळवारी ओल्सनने आठ वर्षांच्या १६.८ कोटींवर सही केली, तोवरचा क्लबच्या इतिहासातला सर्वांत मोठा करार. बुधवारी रात्री फ्रीमन लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेल्याची बातमी आली: सहा वर्षं, १६.२ कोटी.

सोमवारी फ्लोरिडातल्या सराव तळावर पत्रकारांसमोर अँथोपोलसच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा, फ्रीमनची पाच नंबरची जर्सी शुक्रवारी हमखास घालून येणारा, त्या दिवशी जेवायला उठलाच नाही. फ्रीमनला स्वतःलाही हे सगळं अचानक वाटलं, तसं त्याने पुढे बोलून दाखवलं. भावनांचा भाग एवढाच. आता हिशेब.

शनिवारी रात्री हातात काय होतं

क्लबच्या जागी बसून बघा. वाट बघायची हा एक पर्याय. फ्रीमन शेवटी नरमेल, पाच वर्षांवर येईल, कारण त्याला इथेच राहायचंय असं सगळे म्हणतात. पण वाट बघण्याची किंमत शून्य नव्हती. ओल्सनवर इतर क्लबांचा डोळा होता आणि ओकलंड त्याला फार दिवस ठेवणार नव्हतं. ओल्सन दुसरीकडे गेला आणि दोन दिवसांनी फ्रीमनही डॉजर्सकडे गेला, तर तेलही गेलं, तूपही गेलं. मग हाती राहिला असता अँथनी रिझो किंवा काइल श्वार्बर.

यातला रिझो तसा वाईट नव्हता. तोही बत्तीसचा, यँकीजने त्याला दोन वर्षांना ३.२ कोटींत घेतलं. त्याला घेऊन वाचलेले पैसे पिचिंगवर लावायचे, ही कागदावर चांगली योजना. पण अजिंक्य संघाने आपला एमव्हीपी घालवून दोन वर्षांची तात्पुरती सोय केली असती तर ड्रेसिंग रूममध्ये काय संदेश गेला असता, हे सांगायला नको. श्वार्बरने बोस्टनसाठी थोडंफार फर्स्ट बेस खेळलं होतं, पण त्याला रोज तिथे उभं करणं म्हणजे स्वान्सनच्या प्रत्येक थ्रोला देव आठवायचा. तो चार वर्षांना ७.९ कोटींत फिलाडेल्फियाला गेला आणि पुढे ब्रेव्हजच्याच उरावर बसला, ते वेगळं.

एजंटचा आकडा मान्य करायचा, हा तिसरा मार्ग. सहा वर्षं १७.५ कोटी म्हणजे वर्षाला सरासरी २.९ कोटींच्या वर. क्लब मोडला नसता. पण क्लबची मालकी तेव्हा लिबर्टी मीडियाकडे होती, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. मनात आलं म्हणून खिसा उघडणारा एकटा मालक इथे नव्हता. ठरलेल्या बजेटात बसवायचं तर फ्रीमनवर गेलेला प्रत्येक जादा डॉलर दुसरीकडून काढायचा.

आणि चौथा मार्ग ओल्सनचा. तो अटलांटाचाच, लिलबर्नमध्ये वाढलेला, पार्कव्ह्यू हायस्कूलचा. २०२१ मध्ये ३९ होम रन, १११ आरबीआय (त्याच्या फलंदाजीवर आलेल्या धावा), २०१८ आणि २०१९ चे गोल्ड ग्लोव्ह (क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार). तो महिनाअखेर अठ्ठावीसचा होणार होता. मुख्य म्हणजे त्याच्यावर क्लबचा दोन वर्षांचा हक्क आर्बिट्रेशनच्या पगारात शिल्लक होता, २०२२ साठी अंदाज होता साधारण १.२ कोटींचा. नुसता ट्रेड करून तिथेच थांबले असते तरी दोन वर्षं निभावली असती.

मग लगेच मंगळवारी आठ वर्षांचा करार का? माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत हुशार चाल हीच. चार प्रॉस्पेक्ट दोन वर्षांसाठी दिले तर प्रत्येक वर्ष महाग पडतं, आणि २०२३ अखेर हाच फ्रीमनचा तिढा पुन्हा. करार केला की तीच किंमत आठ वर्षांत वाटली जाते. ओल्सनने ट्रेडच्या दुसऱ्या दिवशी सही केली, म्हणजे फ्री एजंट म्हणून बाजारात उभं राहण्याआधी दोन वर्षं. बाजारभावाची तुलना त्याच्या हातात नव्हती, घर जवळ होतं, आणि क्लबला हवी होती नेमकी अठ्ठावीस ते पस्तीस ही वर्षं.

कराराची रचना बघण्यासारखी आहे. २०२२ ला १.५ कोटी, २०२३ ला २.१, मग २०२९ पर्यंत दर वर्षी २.२. पुढे २०३० साठी २ कोटींचा क्लबच्या मर्जीचा पर्याय, तो नाकारला तर एक पैही द्यायची नाही. करासाठीची वार्षिक सरासरी २.१ कोटी. फ्रीमनच्या पाच वर्षांच्या प्रस्तावाची सरासरी होती २.८.

आता मघाशी बाजूला ठेवलेला प्रश्न. डॉजर्सच्या १६.२ कोटींतले ५.७ कोटी लांबणीवर टाकलेले आहेत. करार संपल्यावर, २०२८ पासून पुढे वर्षानुवर्षं ते मिळत राहणार. आजच्या पैशात मोजलं तर करार उतरतो सुमारे १४.८ कोटींवर. शिवाय कॅलिफोर्नियाचा राज्य आयकर वरच्या टप्प्यात १३.३ टक्के, जॉर्जियाचा तेव्हा ५.७५, आणि निम्मे सामने घरच्या मैदानावर. हे सगळं वजा केलं की अटलांटाचे पाच वर्षांचे १४ कोटी आणि लॉस एंजेलिसचे सहा वर्षांचे १६.२ कोटी यांत फ्रीमनच्या हातात पडणाऱ्या पैशाचा फरक जवळपास नाहीसा होतो. म्हणजे ब्रेव्हजने लांबणीवरचे पैसे घालून सहाव्या वर्षाची तजवीज केली असती, तर आजच्या पैशात एक कोटीच्या आतबाहेर जादा मोजून फ्रीमन राहण्याची शक्यता होती. सहावं वर्ष हा टेबलावरचा सर्वांत स्वस्त तुकडा होता आणि क्लबने प्रतिष्ठा नेमकी त्यावर लावली. २०२९ मध्ये पस्तिशीतल्या ओल्सनला २.२ कोटी द्यायला हाच क्लब तीन दिवसांत तयार झाला, हेही सोबत ठेवायचं.

दिलेली पोरं

ट्रेडची किंमत लोक चार नावं वाचून ठरवतात. ती ठरवायची आपल्याकडे त्या जागी दुसरं कोण आहे यावरून. लँगेलियर्स २०१९ च्या ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा कॅचर, चौघांतला सर्वांत मोलाचा. पण ब्रेव्हजकडे ट्रॅव्हिस डार्नो होता, पाठीमागे विल्यम काँट्रेरस तयार होत होता. पाशे मैदानात अप्रतिम, बॅट मात्र हातात चालेना. २०२१ मध्ये ब्रेव्हजसाठी ६३ वेळा फलंदाजी करून सात हिट, म्हणजे .१११. आणि सेंटर फील्डला खालच्या पातळीवर मायकल हॅरिस येत होता, जो दोनच महिन्यांत वर आला आणि वर्षाचा सर्वोत्तम नवोदित ठरला. क्युसिक २०२१ चा पहिल्या फेरीचा पिचर, एस्टेस सोळाव्या फेरीचा.

थोडक्यात, जास्तीचं होतं ते दिलं. ओकलंडनेही घ्यायचं तेच घेतलं. लँगेलियर्स तिथे खरोखर चांगला निघाला. २०२४ मध्ये त्याने २९ होम रन मारले. पाशे वर्षभरात फिलाडेल्फियाला दिला गेला.

याला एक शेपूटही आहे. लँगेलियर्स हाती आल्यामुळे ओकलंडला त्यांचा जुना कॅचर शॉन मर्फी विकता आला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये तो घेतला कुणी? ब्रेव्हजने. त्या तीन क्लबांच्या व्यवहारात काँट्रेरस मिलवॉकीला गेला आणि तिथे लीगमधला एक उत्तम फलंदाज-कॅचर बनला. मर्फी पहिल्या अर्ध्या वर्षात चमकला, मग दुखापती. त्या दुसऱ्या व्यवहारात ब्रेव्हज चक्क हरले. ओल्सनच्या ट्रेडवर बोलणारे हा धागा सोडून देतात, पण कॅचर जास्त आहेत म्हणून एक दिला आणि वर्ष उलटायच्या आत दुसराही दिला, तर जास्तीचे होते कुठे?

ओल्सन २०२२ मध्ये १.५ कोटींत आला, फ्रीमनला साधारण २.७-२.८ लागले असते. म्हणजे पहिल्या वर्षी सव्वा कोटीच्या आसपास मोकळे. त्याच आठवड्यात ब्रेव्हजने डॉजर्सचाच क्लोजर (शेवटी येऊन सामना संपवणारा पिचर) केनली जॅन्सन एका वर्षासाठी १.६ कोटींना उचलला. एकमेकांशी याचा संबंध होता असं क्लबने जाहीर केलेलं नाही, पण बजेट एकच असतं. जॅन्सनने त्या वर्षी ४१ सेव्ह केले (आघाडी राखून सामने संपवले), नॅशनल लीगमध्ये सर्वांत जास्त.

नंतर काय झालं

२४ जून २०२२ ला फ्रीमन डॉजर्सच्या पोशाखात अटलांटात आला, अजिंक्यपदाची अंगठी घेतली आणि सगळ्यांसमोर रडला. लोकही रडले. पण स्टेडियम रिकामं पडलं नाही. त्या वर्षी ३१ लाखांहून जास्त प्रेक्षक आले. चाहते रुसतील या भीतीची किंमत क्लब नेहमी फुगवून धरतात.

खेळ बघितला तर फ्रीमन पहिल्या वर्षी .३२५, दुसऱ्या वर्षी .३३१ आणि ५९ डबल (दोन बेसचे फटके). उतरतीच्या वयात तो चढला. २०२४ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात, घोटा दुखावलेला असताना, दहाव्या इनिंगमध्ये त्याने सामना संपवणारा ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होम रन) मारला, पहिल्या चारही सामन्यांत होम रन, सिरीजचा एमव्हीपी. २०२५ च्या सिरीजमध्ये टोरांटोविरुद्ध तिसऱ्या सामन्यात अठराव्या इनिंगमध्ये पुन्हा त्याचाच होम रन शेवटचा.

ओल्सन २०२२ मध्ये .२४० वर अडखळला, तरी ३४ होम रन. २०२३ मध्ये ५४ होम रन आणि १३९ आरबीआय, दोन्ही क्लबचे १९०० नंतरचे विक्रम. २०२२ ते २०२५ या चारही हंगामांत तो १६२ पैकी १६२ सामने खेळला. या शेवटच्या आकड्याला दाद मिळत नाही, पण फर्स्ट बेसची चिंता वर्षभर करायची नाही ही सोय जनरल मॅनेजरला विचारा. संघ २०२२ मध्ये १०१ सामने जिंकला, २०२३ मध्ये १०४, आणि दोन्ही वर्षी पहिल्याच मोठ्या फेरीत फिलाडेल्फियाकडून बाहेर.

फ्रीमनने दोन अजिंक्यपदं घेतली म्हणून ब्रेव्हज चुकले, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. डॉजर्सकडे मूकी बेट्स होता, पुढे शोहेई ओतानी आला. अटलांटात फ्रीमन राहिला असता तर २०२५ मध्ये ७६ सामन्यांवर घसरलेला संघ सावरला असता असं मानायला आधार नाही. त्या संघाचं दुखणं पिचरांच्या दुखापतीत होतं. वयाच्या अंदाजात मात्र क्लब चुकला, आणि चांगलाच. बत्तिशीतला फर्स्ट बेसमन सरासरीने कसा उतरतो याचं गणित त्यांच्याकडे होतं. पण चेंडू मैदानाच्या सगळ्या कोपऱ्यांत मारणारा, ताकदीपेक्षा नजरेवर जगणारा फलंदाज उशिरा उतरतो. त्याला अकरा वर्षं रोज जवळून बघणाऱ्या क्लबला हे बाकी कुणाहीपेक्षा आधी दिसायला हवं होतं.

तरी शनिवार, १२ मार्चच्या रात्री मी त्या खुर्चीत असतो तर ओल्सनलाच घेतलं असतं. हातचा तरुण माणूस सोडून आकडे जुळत नसलेल्या माणसाची वाट बघणं, तेही दुसरा ग्राहक दारात उभा असताना, जमलं नसतं.

माझी तक्रार २०२१ च्या उन्हाळ्याशी आहे. त्या वर्षी हंगाम चालू असताना क्लबने डार्नोशी ऑगस्टमध्ये करार वाढवला, पिचर चार्ली मॉर्टनशी सप्टेंबरमध्ये. दोघेही तिशी ओलांडलेले. फ्रीमनशी नाही. २०२० चा हंगाम प्रेक्षकांविना गेला होता, तिजोरीचा अंदाज येत नव्हता, हे कारण पुरेसं खरं आहे. पण २०२१ च्या मध्यावर स्टेडियम पुन्हा भरलं होतं. तेव्हा समोर फक्त एक माणूस होता, दुसरा ग्राहक नव्हता, लॉकआउटचं घड्याळ नव्हतं, आणि पाच की सहा यावर सावकाश बसून लांबणीवरचे पैसे, शेवटच्या वर्षाची अर्धी हमी, असं काहीतरी जुळवता आलं असतं. जी पद्धत अकुन्या-ऑल्बीजना लावली, आणि पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये ऑस्टिन रायलीला दहा वर्षं २१.२ कोटी आणि हॅरिसला आठ वर्षं ७.२ कोटी देऊन पुन्हा लावली, ती फ्रीमनपुरतीच थांबली होती. स्वान्सनच्या बाबतीतही तेच झालं. २०२२ चा हंगाम संपल्यावर तो फ्री एजंट झाला आणि सात वर्षांच्या १७.७ कोटींवर शिकागो कब्जकडे गेला. शॉर्टस्टॉपची ती जागा ब्रेव्हजला पुढे कायमची भरता आली नाही, आणि तिथे ऐनवेळी ट्रेड करून आणायला कुणी ओल्सन नव्हता.